डोक्यांचा ताळेबंद

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पण या नव्या बारशाने पगाराला काही बाळसं चढलेलं नाही, म्हणून मी आपला जुन्या नावाने हाक मारली तरी ओ देतो. बी. कॉम. झालो तो दुसऱ्या वर्गात. त्या तीन वर्षांत जे काही शिकवलं गेलं त्यातलं बहुतेक सगळं परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडता पडताच गळालं. उरली ती एकच गोष्ट: जेवढं नावे, तेवढं जमा. किर्दीत डावीकडे एक रक्कम पडली की उजवीकडे तेवढीच पडली पाहिजे. तेरीज जुळली नाही तर घरी जायचं नाही. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाला घरीदारीही तोच रोग जडतो. देवळात गेलो तरी मी आधी बाहेरचे चपलांचे जोड मोजतो आणि मग आतली माणसं.

हे सगळं पाल्हाळ अशासाठी, की आमच्या अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एक हिशेब चुकतो आहे आणि तो कुणालाही खटकत नाही. गाडी एक. माणसं दोन. डोकी, निदान वरून दिसतात ती, दोन. हेल्मेट एक.

आणि ते एक तरी डोक्यावर असावं! पण नाही. आमच्याकडे हेल्मेट ही डोक्यावर घालायची वस्तू आहे असा गैरसमज फारसा कुणाचा नाही. ती कोपरात अडकवायची वस्तू आहे. आरशाला टांगायची आहे. मागे बसलेल्या माणसाने मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळाला धरावं तशी, दोन्ही हातांनी धरायची आहे. आमच्या आळीतले एक गृहस्थ तर सकाळी देवाची फुलं हेल्मेटमध्ये तोडून आणतात. जास्वंद, तगर, सोनचाफा, सगळं कसं फोमच्या गादीवर. मी एकदा त्यांना म्हटलं, “अहो, हे डोक्यासाठी असतं.” तर म्हणाले, “देवाच्या डोक्यावरच जातंय ना?” अशा माणसाशी पुढे काय बोलणार!

मी नागावला राहतो. शाखा अलिबागला. मधे सात-आठ किलोमीटरचा रस्ता. रस्ता म्हणजे काय, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांचे चिऱ्याचे गडगे, आणि उरलेल्या जागेतून शासनाने डांबर ओतलेलं. मुळात बैलगाडीला बेताचा. शनिवार-रविवारी त्यावर निम्मी मुंबई येते. पूर्वी ती वडखळच्या वाहतुकीत अडकून निम्म्या वाटेत दमून तरी जायची. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि आता मोटारी समुद्रातूनही चालून येतात. त्यात आमची गुरं. त्यात मासळीचे टेंपो, ज्यांच्या मागून बर्फाचं, खवल्यांचं पाणी ठिबकत असतं आणि डांबरावर असा काही बुळबुळीत थर धरतं की काय सांगू! त्याची गोष्ट पुढे येईलच, कारण ती माझ्याच गाडीची आहे.

आधी अण्णांविषयी सांगायला हवं. अण्णा आमच्या शेजारचे. हेल्मेटविरोधी पक्षाचे आमच्या आळीतले अध्यक्ष, सरचिटणीस आणि खजिनदार. त्यांचे मुद्दे तयार असतात. एक, उकडतं. हे खरं आहे. मे महिन्यात आमच्याकडे माणूस कपड्यातही नकोसा होतो, हेल्मेटची काय कथा. दोन, केस गळतात. अण्णांच्या डोक्यावर गळण्यासाठी आता काही शिल्लक आहे असं मला दिसत नाही, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. तीन, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. अण्णांना हेल्मेटशिवाय वहिनींची हाक ऐकू येत नाही ती कशामुळे, हा प्रश्न मी विचारलेला नाही, शेजारधर्म आहे. आणि हे सगळे मुद्दे खोडून काढले तरी शेवटी एक हुकमाचं पान राहतं. अण्णा किक मारतात आणि म्हणतात, “अहो, इथल्या इथं तर जायचंय!”

हे ‘इथल्या इथं’ काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या. माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे. ‘इथल्या इथं’ला हद्द नसते. सुरुवातीला ते पिठाच्या गिरणीपर्यंत असतं. मग नाक्यापर्यंत, मग अलिबागला स्टँडवर कुणाला सोडायला. मग पेणला कोर्टाची तारीख असते. अण्णा एकदा इथल्या इथं महाडला जाऊन आले. हेल्मेट घरी, आराम करत. आणि ‘इथल्या इथं’चं दुसरं लक्षण असं, की त्यात नियम लागत नाही. लायसन नको, आरसा नको, दिवा नको. डबलसीट चालतं, तिबलसीट चालतं. पोर पुढे उभं चालतं, आरशाला धरून, आणि हॉर्न त्याच्या ताब्यात. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने आपल्याशी बांधायचं, त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं आणि गाडी ताशी ४० च्या आत ठेवायची, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. तो नियम दिल्लीहून निघाला खरा, पण इथल्या इथं पोचलेला नाही.

अण्णांचा पक्ष एकटा नाही, हेही कबूल करतो. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती कडक केली तेव्हा तिथे सक्तीविरोधी कृती समिती होती आणि लोकांनी विनाहेल्मेट गाड्यांची फेरी काढली होती. शहरात वेग तो काय असतो, हायवेवर करा काय करायची ती सक्ती, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे पुणेकरांचंही ‘इथल्या इथं’च, फक्त शुद्ध बोलीत. २०१६ साली तर परिवहनमंत्र्यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असं जाहीर केलं होतं. पंपवाले म्हणाले, आम्ही पेट्रोल विकू की डोकी तपासू? आणि ती गोष्ट मवाळ होत होत विरली. त्याच्याही आधी, आंध्रातल्या सक्तीविरुद्ध एक गृहस्थ थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. हेल्मेटमुळे फिरण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते, असा दावा. १९८८ साली न्यायालयाने तो फेटाळला. अण्णांना मी हे सांगितलं. अण्णा म्हणाले, “ते आंध्रात.”

आता कायदा काय म्हणतो ते बघा, म्हणजे माझा मुद्दा कळेल. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला. कलम १२९. त्यात गाडी चालवणारा आणि गाडीवर बसलेला, दोघांच्याही डोक्याचा उल्लेख पहिल्यापासून आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे. अण्णांना नाही. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आलं. १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन बाद. म्हणजे मागे बसणाऱ्याचं डोकं कायद्याने तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच वहीत धरलेलं आहे. आपण धरलेलं नाही. मुंबईच्या वाहतूक पोलिसांना मागच्या माणसाची आठवण झाली ती जून २०२२ मध्ये. आमच्या नाक्यावरच्या पोलिसाला ती अजून व्हायची आहे. तो पुढचं डोकं झाकलेलं दिसलं की हात खाली करतो आणि टपरीकडे बघतो.

शिलाहारांच्या काळात कोकणातले राजे या बाबतीत शहाणे होते. दानपत्र दिलं की दगड रोवायचे. वर सूर्य-चंद्र, मधे मजकूर, खाली गाढव. आणि हा शब्द जो मोडील त्याच्या आईला उद्देशून असं काही, की ते इथे छापता येणार नाही. त्यालाच गद्धेगाळ म्हणतात. त्यांना माणसं ठाऊक होती. हजार रुपयांचा आकडा ऐकून माणूस फक्त नाक्याची आडवाट शोधतो.

असो. मी इतका वेळ अण्णांची थट्टा करतो आहे, तर आता माझा हिशेब सांगतो.

आमची स्कूटर घेतली त्याला चौदा वर्षं झाली. गाडी विकताना हेल्मेट द्यावं असा नियम आहे, त्याप्रमाणे दुकानदाराने एक दिलं. एकच. ते मी घातलं. आमच्या हिने त्या दिवशी गाडीला हार घातला, लिंबू फोडलं, आणि साडीचा पदर खोचून मागे बसली ती बसलीच. चौदा वर्षं! रामाचा वनवास एवढ्या मुदतीत संपला होता. या काळात मी स्वतःला मोठा नियमांचा माणूस समजत होतो. आळीत हेल्मेट घालून गिरणीवर जाणारा मी एकटा. दोन वेळा तर नाक्यावरच्या हवालदाराने मला नमस्कार केला आहे. आणि माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर, उघड्यावर, माझ्या दोन मुलांची आई बसलेली होती, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नाही. म्हणजे एकदा आलं होतं. तिनेच विचारलं होतं, “अहो, मला नको का एक?” त्यावर मी, बी. कॉम. दुसरा वर्ग, काय म्हणालो असेन? म्हणालो, “मागच्याला पोलिस धरत नाहीत.”

मग श्रावणातला एक सोमवार आला. चौलला रामेश्वराला निघालो होतो. भुरभुर पाऊस. वेग म्हणाल तर वीस, फार तर बावीस. पुढून नुकताच मासळीचा टेंपो गेलेला होता हे मला नंतर कळलं, वासावरून. वळणावर रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती, गायी बसतात तशी, सहकुटुंब सहपरिवार. मी पुढचा ब्रेक दाबला. पुढे काय झालं ते सांगण्याइतका वेळच लागला नाही. गाडी एकीकडे, मी एकीकडे, ही गडग्याच्या कडेला. गाय उठली नाही.

माझ्या हेल्मेटला उजव्या बाजूने वीतभर ओरखडा. आत मी शाबूत, कोपर सोलवटलेलं. हिचं डोकं गडग्यातून निसटलेल्या एका चिऱ्यावर आपटलं होतं. चिरा तांबडाच असतो, त्यामुळे रक्त किती आलं ते आधी कळलं नाही. वेणीतला सोनटक्का उचलून बघितला तेव्हा कळलं.

सहा टाके. डॉक्टर घालत होते आणि मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर हेल्मेट घेऊन बसलो होतो. ही म्हणाली, “डॉक्टर, यांच्या हेल्मेटला फार लागलं नाही ना हो?” डॉक्टर हसले. नर्सबाई हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. घरी येताना रिक्षात मी म्हणालो, “चुकलं माझं.” तर म्हणाली, “तुमचं कसलं चुकलं? मागच्याला पोलिस धरत नाहीत, बरोबरच आहे. त्या चिऱ्याला कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.”

त्या रात्री मी आकडे शोधले. दुःख झालं की काही लोक भजनं ऐकतात, मी आकडे बघतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल. त्या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेल्या स्थितीत मेलेली माणसं ५०,०२९. त्यातली चालवणारी ३५,६९२. मागे बसलेली १४,३३७. बेरीज मी तीनदा केली. जुळते. बँकेतली बेरीज जुळली की बरं वाटतं. या बेरजेत मागचा तो चौदा हजारांचा आकडा पाहात मी बराच वेळ बसलो. त्यात बायका किती ते अहवालाच्या त्या ओळीत नाही. पण आमच्या रस्त्यावर मागे कोण बसतं हे मला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. बायको, आई, कॉलेजला जाणारी बहीण, सासरी पोचवायची आत्या. हेल्मेट घातल्याने मरणाची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असं निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासून काढलेलं आहे. एवढं व्याज कुठल्या ठेवीवर मिळतं ते मला दाखवा. मी त्याच धंद्यात आहे.

आणि धंद्यात आहे म्हणूनच आणखी एक सांगतो. आमच्या काउंटरवर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे अर्ज येतात. २०१५ साली ती निघाली तेव्हा वर्षाला १२ रुपये होते, जून २०२२ पासून २० झाले. अपघाती मृत्यूला दोन लाख. हे २० रुपये खात्यातून कापले गेले की लोक पासबुक नाचवत भांडायला येतात, आणि मी शांतपणे ऐकून घेतो. कारण कधीतरी त्याच खिडकीत दुसरं कुणीतरी येतं. मागे एक बाई आल्या होत्या. बरोबर त्यांचा भाऊ. पासबुक मुलाचं. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेलं. अर्ज मीच भरून देत होतो. अपघात कुठे झाला, असा रकाना असतो. मी विचारलं. भाऊ गावाचं नाव सांगणार तोच बाई म्हणाल्या, “इथल्या इथंच गेलेला. दही आणायला.”

मी गावाचं नाव लिहिलं.

तेव्हापासून ते दोन शब्द माझ्यासमोर कुणी काढले की मला वाद घालता येत नाही, मी चिडतो. म्हणून आज हे लिहून काढतो आहे.

बरं, लोक सुरक्षेवर खर्च करत नाहीत असं म्हणावं तर तेही खोटं. दुचाकीच्या कर्जाचे कागद माझ्या टेबलावरून जातात. कोटेशनमध्ये काय काय असतं पाहा: सीट कव्हर, पुढचा गार्ड, मागचा गार्ड, पायाखालची मॅट, नंबरप्लेटची चौकट, आणि पत्र्याची चमक टिकावी म्हणून एक कसलंसं कोटिंग. गाडीच्या प्रत्येक अवयवाला कवच. दुसरं हेल्मेट मात्र आजवर एकाही कोटेशनमध्ये पाहिलं नाही. एकदा एका तरुण जोडप्याला मी म्हटलंही, “ते कोटिंग काढा आणि वहिनींना एक हेल्मेट घ्या, पैसे तेवढेच होतील.” वहिनी हसल्या. नवरा साहेबांकडे गेला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की कर्जाचे कागद तपासणं माझं काम आहे, ग्राहकाचं डोकं तपासणं नव्हे. २०२५ साली केंद्राने गाडीबरोबर दोन हेल्मेटं द्यावीत असा मसुदा काढला, तेव्हा ते कात्रण मी साहेबांच्या काचेखाली सरकवून ठेवलं. वर चहाचा कप ठेवतात ते, पण आहे.

लायसनचं म्हणाल तर तो आणखी आनंद. आमचं आरटीओ पेणला. पक्कं लायसन हवं तर गाडीवरून आठचा आकडा काढून दाखवायचा, पाय न टेकता. मीही काढला होता. त्यानंतर आयुष्यात कधी आठचा आकडा काढायची वेळ आली नाही. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत तसं वळणच नाही. गाय मधे असता ब्रेक कुठला दाबायचा, ओल्या रस्त्यावर पुढचा आधी दाबला तर काय होतं, मागे बसलेल्या माणसाच्या वजनाने गाडी किती उशिरा थांबते, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सहा टाके वाचले असते की नाही कोण जाणे. कच्चं लायसन तर जून २०२१ पासून घरबसल्या मिळतं, संगणकावर प्रश्नांची उत्तरं देऊन. माझ्या ओळखीच्या एका काकांचं त्यांच्या पुतणीने काढून दिलं. पुतणी नववीत आहे. सगळी उत्तरं बरोबर आली, काकांना तिचा अभिमान आहे.

नियम करणाऱ्यांच्या डोक्याचाही ताळेबंद एकदा मांडायला हवा. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, असं कलम आहे. ते कलम आमच्या काळात होतं, कारण तेव्हा लूना होती. १९७२ साली निघालेली, पेडल मारायची, चढावर स्वाराने उतरून तिला धीर द्यायची. माझ्या वडिलांकडे होती. वडील, आई, मधे ताई आणि पुढे उभा मी, असे आम्ही चौघे तिच्यावरून चौलला दत्ताच्या जत्रेला जायचो, आणि टेकडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ती बिचारी मुलीची पाठवणी असावी तशी हुंदके द्यायची. सोळाव्या वर्षी मी तिचंच लायसन काढलं. आज माझा मुलगा सोळाचा आहे. कलम तेच आहे. गाडी मात्र नाही. मी अलिबाग, पेण, पनवेलच्या दुकानांतून विचारून आलो, ५० सीसीची पेट्रोलची गाडी मला कुणी दाखवली नाही. त्याच्या वर्गातली मुलं दुप्पट सीसीच्या गाड्या आणतात, बापाच्या. सापडलं तर बापाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे त्या बापांना सांगितलं तर ते म्हणतात, “कोण विचारतंय? क्लासला तर जातो. इथल्या...” पुढचं मी ऐकत नाही.

मुलगा हुशार. त्याने दुसरा मार्ग काढला. बॅटरीवरची गाडी, मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि वजन बेताचं असेल तर ती नियमांच्या दृष्टीने मोटारगाडीच नव्हे. म्हणून तिला नंबर नको, लायसन नको, हेल्मेट नको. “बघा बाबा, सरकारच म्हणतंय!” मी त्याला त्याच्या आईच्या भांगाच्या शेजारची जागा दाखवली, जिथे अजून केस नीट आलेले नाहीत, आणि विचारलं, आपण त्या दिवशी कितीच्या वेगात होतो? वीस. पंचविसाच्या आत पडलं की रस्ता मऊ होतो असं शासनाचं मत असेल, चिऱ्याचं तसं नाही. मुलगा गप्प झाला. आठवडाभर बोलला नाही म्हणा, पण गाडीही आली नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ती माझ्या बाजूची नाही. नाक्यावर एकदा मोठी तपासणी होती. साहेब स्वतः आलेले, म्हणून त्या दिवशी मागच्या डोक्यांचीही चौकशी. एक कोळीणबाई दिराच्या गाडीवर मागे आडव्या बसलेल्या, मांडीवर पाटी. हवालदार म्हणाला, “मावशी, हेल्मेट कुठाय?” मावशी म्हणाल्या, “सायबा, यो टोप मी घालीन, पन उतरल्यावर डोक्याव पाटी घेवाची हाय, तवा टोप कुटं ठेवू? तू धरतोस?” हवालदार माझ्याकडे बघायला लागला, जसा काही मी कायदा केलाय. मावशींना माझ्याकडे उत्तर नाही. दारोदार मासळी विकताना एका हातात हेल्मेट सांभाळत फिरा, असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? पण मावशींची अडचण खरी आहे म्हणून अण्णांची खरी होत नाही. अण्णांच्या डोक्यावर पाटी नसते.

आमच्या हिने आता स्वतःचं हेल्मेट घेतलं आहे. आयएसआयचा शिक्का मी भिंगातून तपासला, ४१५१ नंबरसकट. रंग तिने तपासला. गुलाबी, बाजूला पांढरी फुलं. आंबाडा आत बसत नाही म्हणून ती आता सैल वेणी घालते आणि गजरा वेणीच्या शेवटाला बांधते. पूर्वी ती माझ्या उजव्या कानात गाडी चालवायची. हळू, समोर बघा, सिग्नल दिला का, ते बघा देशमुखांनी घराला रंग दिला. आता दोघांच्या टोपांमुळे मला काही ऐकू येत नाही आणि ब्रेक दाबला की मागून टक् असा आवाज येतो. त्या आवाजावरून ती रागावलेली आहे की नाही हे मला हळूहळू कळायला लागलं आहे.

परवा रविवारी मी एकटाच चौलकडे निघालो होतो. फाटकाशी अण्णा उभे. त्यांच्या गाडीचं चाक बसलेलं. “नाक्यापर्यंत सोडता का? इथल्या इथं.” मी म्हटलं, अवश्य, आणि डिकी उघडून हिचं गुलाबी हेल्मेट पुढे केलं. आत अजून सुरंगीचा वास होता. अण्णांनी ते पाहिलं, फुलं पाहिली, रस्त्यावर कोण कोण आहे ते पाहिलं, आणि धोतराचा सोगा हातात घेऊन तडक चालू लागले. मी दोनदा हॉर्न दिला, वळले नाहीत. पुढे मुंबईच्या मोटारी आणि एक सुपारीचा टेंपो यांची वळणावर गाठ पडून अर्धा तास रस्ता बंद झाला. मी नाक्यावर पोचलो तेव्हा अण्णांचा चहा पिऊन झालेला होता.